विहिरीवरचा दगड

वादळात विहिरीकाठची सुरंगी आडवी झाली
आणि उठताना तिच्या मुळांनी
पालथा दगड उताणा करून टाकला.
साठ-सत्तर वर्षं आगरवेळच्या बायका
त्याच्या पाठीवर धुणी आपटत आल्या.
अक्षरं पोटाकडे होती, म्हणून शाबूत.

इंग्रजी. खाचांत लाल चिखल.
मी सातवी नापास, बर्फ आणि मासळीतला माणूस.
खांबावरून उतरून रुपेश आला, वायरमन,
हातमोज्याने पुसलं, अडखळत वाचलं :
या गावातून एकेचाळीस माणसं
मोठ्या लढाईवर गेली, चौदा ते एकोणीस.
त्यांपैकी चौघांनी प्राण दिले.
"आणि नावं?"
"नावं नाहीत, अण्णा. नुसता आकडा."
मग हसला : "मीटरच्या रीडिंगसारखा."

त्या रात्री खळ्यात कंदील ठेवून
चौघांची नावं शोधत बसलो.
तांब्यांची जनाक्का म्हणाली, आमचा धाकू, बसऱ्याला गेला.
त्याच्या आयशीनं पेन्शनीचा एक रुपया मोडला नाही,
गाडग्यात घालून पुरून ठेवायची.
कुठे पुरलं, ते सांगायचं राहिलं.
मुकादम म्हणाले, आमचा इस्माईल, बोटीवर आगवाला,
कोळसा मारता मारता बोटीसकट तळाला.
कबर नाही, म्हणून त्याची अम्मी
ओहोटीला गुडघाभर पाण्यात जाऊन फातिहा पढायची.
तिसरा शिर्क्यांचा की खानविलकरांचा,
यावरून दोन म्हातारे अजून बोलत नाहीत.
चौथा कुणाचाच नाही.
चौथ्यासाठी कुणी भांडलंसुद्धा नाही.

रुपेश भिंतीला टेकून ऐकत होता,
बिनदुधाचा चहा, पायात ओले बूट.
अकरावी रात्र अंधाराची.
चार वाड्या केल्यान, खालची राहिलेली.
म्हणाला, उद्या देतो तुम्हाला लाईट.

दुसऱ्या दिवशी लाईन बंद होती.
त्यानं फोन करून विचारली होती, दोनदा.
दापोलीहून बंद, सगळीकडून बंद.
पण कुणाच्या तरी घरातला जनरेटर
उलटा तारेत चढला,
आणि तो पट्ट्यानं खांबाला बांधलेला
तसाच राहिला, शिडी येईपर्यंत.

जनरेटर गावात तीन घरांत होते.
एक माझ्याकडे.
फ्रीझरमध्ये बंदीआधीची चाळीस किलो सुरमई होती.
मेन स्विच मी खाली केला होता.
असं मी पोलिसांना सांगितलं.
असंच बाकीच्या दोघांनी सांगितलं.
कागदावर आलं : स्रोत अज्ञात.
गावानंही मग विचारलं नाही.
विचारायला तिन्ही घरं गावातलीच.

सव्वीस जानेवारीला दगड शाळेच्या आवारात उभा केला.
त्याआधी सभेत वाद : वायरमनला शहीद म्हणता येतं का?
गुरुजी म्हणाले, त्याला सरकारी व्याख्या आहे.
सरपंच म्हणाले, "सेवेत" असं लिहू या.
त्याची आई सुगंधा पायरीवर बसलेली.
तिनं एवढंच विचारलं,
त्याचा कमरेचा पट्टा परत मिळंल काय,
नवा होता.

मंडणगडचा पाथरवट, अक्षराला साठ रुपये.
रुपेश भुवड. सहा अक्षरं.
काना-मात्रेचे घेत नाही म्हणाला.
पैसे मी दिले. कुणी का विचारलं नाही.
खाली बोटभर जागा सोडायला सांगितली,
चौथ्याची आठवण निघाली कधी, तर.
पोरांनी अबोलीचे वळेसर घातले,
एका पोरीनं आकड्यावरच घातला.

सुरमई मी खाडीत टाकली.
जनरेटर हर्णैला विकला, पडेल त्या भावानं.
तरी लाईट गेली की उठतो,
चाचपत भिंतीपर्यंत जातो,
स्विच खाली आहे ना, बोटांनी बघतो.
असतो.
तेव्हाही असेल.