दोन बोटं जागा

टायर मोठे टाकले, ही चूक माझीच.
भिवापूरकडच्या वावरांतून मिरचीचे कट्टे उचलायचे,
पांदणीत गाडीचं पोट घासायचं,
म्हणून एका नंबरानं मोठे.
गाडी उंच झाली. मीही झालो थोडा.
मग कळमन्याच्या गेटात वळताना
डाव्या चाकातून आवाज आला: खर्रर्र,
जसं कोणी दात खात झोपलंय आत.

रिकामी असली की गप्प.
वीस कट्टे भरले की बोलायची.

वाडीला, ट्रकांच्या मागच्या रांगेत
पराते उस्तादचं शेड आहे.
बाप हातमागावर लुगडी विणायचा गोळीबार चौकाजवळ;
माग भंगारात गेला, पोराच्या हाती पाना आला.
तो चाकासमोर उकिडवा बसला
आणि बराच वेळ त्यानं काहीच केलं नाही.

"कापायचं आहे," मी म्हणालो.
"कापाले काय, ब्लेड लागते.
कुठं कापाचं, त्याले टाइम लागते."

खिशातून चुन्याची डबी काढली,
खर्रा घोटतो तीच,
आणि अंगठ्यानं टायरच्या खांद्यावर
चुना ओढत नेला, गोल.
मग भाच्याला पाठवलं, फाल्गुनला, माणसं गोळा करायला.
पंक्चरवाला आला, चहावाला किटलीसकट आला,
दोन हमाल, आणि एक क्लीनर
ज्याच्या गालावर अजून चटईची नक्षी होती.
सगळे माझ्या डाल्यात बसले, कट्ट्यांच्या जागी.
"वजनातच पाह्यनं पडते," उस्ताद म्हणाला,
"खाली गाडी कोणाचीबी चांगलीच असते."

मी स्टेअरिंग डावीकडे संपेपर्यंत फिरवलं.
काहीच नाही.
मग डाल्यातला जुना खकाणा उडाला,
आधी चहावाला शिंकला, मग हमाल,
मग सगळे, एकावर एक,
शिव्या देत, डोळे पुसत, शिंकत,
आणि गाडी कमानीवर उड्या मारू लागली.
"बस बे, बस! उमटलं!"

लायनरवर पांढरी कोर.
बंपरच्या खालच्या कोपऱ्यावर दुसरी, नखाएवढी.
सहा महिन्यांचं दुखणं एवढंसं.

हीट गन होती, पण खिळ्याला टांगलेली.
एप्रिलात दुपारी दोन वाजता
नागपुरात प्लास्टिक आपणच शरण येतं.
त्यानं क्लिपा काढून झाकणात ठेवल्या,
दिव्याची वायर एका हातानं बाजूला धरली
लहान पोरीचे केस कापताना कान धरावा तशी,
आणि आरीचं पातं, चिंधी गुंडाळलेलं,
रेघेच्या अलीकडूनच चालवलं.

"थोडं जास्तीचं घ्या ना," मी म्हणालो,
"पुन्हा यायला नको."
त्यानं पातं थांबवलं.
"माहा बाप लुगडं थानातून कापताना
श्वास सोडत नव्हता, भाऊ.
कमी कापलं, त उद्या अजून कापू.
जास्त कापलं, त तू बंपरकडं पाहून
मले रोज शिव्या देशीन."
मग टायर आणि बंपरच्या मधे दोन बोटं घातली.
दोन बोटं गेली. तिसरं गेलं नाही.
तो उठला.

काठ कानसीनं घासला, मग काच कागदानं,
मग डोळे मिटून अंगठा फिरवला त्यावरून,
कुठे धागा निघालाय का बघावं तसा.
साडेतीनशे घेतले. पाचांचा चहा माझ्याकडून.
कापलेला तुकडा फाल्गुननं मला आणून दिला,
काळा, वाकडा, कलिंगडाच्या सालीसारखा.
आता तो अडतीत
वजनकाट्याच्या डुगडुगत्या पायाखाली आहे.

दुसऱ्या दिवशी बावीस कट्टे भरले, मुद्दाम दोन जास्त.
कळमन्याच्या गेटात डावीकडे पूर्ण वळवली.
रेडिओ बंद केला. काच खाली घेतली.
नुसता मिरचीचा वास,
आणि मागे ऑटोवाला हॉर्नवर हात ठेवून,
"काऊन थांबला बे मधातच?"
मी तसाच, अर्धा वळलेला,
कान बाहेर काढून
त्या खर्रर्रची वाट बघत.