सहासष्ट ब्लाऊज

अर्धा हात दोरा उरला तरी मी टाकत नाही.
सुईत तसाच ठेवते, उशीला टोचून,
उद्याच्या हुकाला होतो.
वडगावात सगळ्या मला त्यासाठीच ओळखतात.
तोंडावर म्हणतात काटकसरी,
पाठीमागे काय म्हणतात तेही माहीत आहे.

त्या रविवारी उशीला सुई नव्हती
आणि दमडी पाणी पिईना.
(भाजीवाल्याच्या क्रेटमध्ये सापडली, फुकट, म्हणून दमडी.)
तोंड उघडून पाहिलं तर जिभेखाली गुलबक्षी दोरा,
निकमांच्या नवरीच्या ब्लाऊजचा.
ओढणारच होते.
बरं झालं, हात थरथरला.

राजाराम पुलावर रिक्षा आली तेव्हा साडेदहा.
मांडीवर पिशवी, पिशवीवर हात,
मीटरकडे बघायचं नाही असं ठरवून
मी मीटरकडेच बघत होते.

कोथरूडच्या दवाखान्यात एक पोरगा फॉर्म भरत होता.
पेशंटचं नाव? दमडी.
आडनाव?
मी जरा थांबले.
मग म्हटलं, लिहा, पायगुडे.
जात काय मावशी? साधीच हो, म्हटलं.
त्याने लिहिलं, गावठी.

फोटोत सुई काय चमकत होती!
घरात हरवली की कधी चमकत नाही अशी.

डॉक्टर तांबोळी, माझ्या मुलाच्या वयाच्या.
कागद माझ्याकडे वळवून हळूच म्हणाल्या,
साधारण इतके होतील.
मला आकडे वाचता येतात, पण मी ब्लाऊज वाचते.
अस्तराचा एक, चारशे.
एक्स-रे म्हणजे तीन. रक्त चार.
ऑपरेशनचे पंचेचाळीस.
राहणं, औषधं, रात्रीची फी, सगळं धरून सहासष्ट.
निम्मे आत्ता, निम्मे नेताना.

औंधला सरकारी आहे, त्यांनीच सांगितलं,
स्वस्तात होईल, पण सकाळी उघडतं.
दमडीने डोळे मिटले होते.
सकाळ फार लांब होती.

मुलाला फोन लावला, चाकणला, रात्रपाळीत.
आई, तसल्या दहा मिळतील, फुकट.
मागे मशीनचा धडधडाट.
बरं, म्हटलं, ठेवते.

मग उंडेवहिनींना उठवलं. या महिन्याची भिशी त्यांची.
कोणाला काय झालं गं?
दमडीला.
बराच वेळ पंख्याचा आवाज तेवढा ऐकू आला.
मग म्हणाल्या, माझा नंबर तू घे, डिसेंबरचा तुझा मला.
सूनबाई पाठवतेय मोबाइलवरून.
आणि हे बघ, किती लागले ते बायकांना सांगू नकोस.

चमडी जाईल पण दमडी जाणार नाही.
माझ्याबद्दल म्हणतात ते हेच.
त्या रात्री बाकावर बसून
मीच ते पुटपुटत होते,
नवस बोलावा तसं.

दोन वाजता मोबाइल वाजला.
चाकणहून दोन हजार.
सोबत एक शब्द नाही.

टाके पाहिले ते तिसऱ्या दिवशी.
सुटे, एकेका गाठीचे, अंतर अगदी सारखं.
शेवटचा मात्र जरा ओढलेला.
बोलले नाही. दमला असेल हात,
मध्यरात्र उलटून गेली होती बिचारीची.

सुई त्यांनी बाटलीत घालून दिली, आठवण म्हणून.
आठवणीचं मी काय करू?
टोक काळं पडलं होतं, काचपेपरवर घासलं.
चांगली आहे अजून.

अकरा झाले, पंचावन्न राहिले.
मुलाचे पाच धरलेले नाहीत, ते त्याचे त्याला देईन.
गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून
दमडी मशीनच्या पायट्यावरच बसते,
मला पाय मारता येत नाही.
उठ गं भवाने, म्हणते मी, तुझेच शिवतेय.

उरलेला दोरा आता सुईत ठेवत नाही.
तोडते.
टाकवत मात्र नाही अजून.
त्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणलाय,
तीस सांगत होता, वीसला दिला.