खालच्या वाडीचा लोड

एकतीस चतुर्थ्या मी खांबावर काढल्या.
तुम्ही टाळ हातात घेतलेत
की माझ्या हातात पाना, हे ठरलेलंच.
संध्याकाळी सातला मिठबावच्या खालच्या वाडीतले
बेचाळीस गणपती एकदम उजळायचे.
मागे फिरतं चक्र, पुढे साठ-साठचे बल्ब
लाल-पिवळ्या जिलेटिनमध्ये गुंडाळलेले,
माटवीला कवंडळं, सुपारीचा शिपटा, शेरवडाची पांढरी पानं,
त्यांतून सोडलेल्या माळा,
आणि चौरंगाजवळ मुंबईकराने आणलेला हॅलोजन.
देव घामाघूम.

मग बांधापलीकडून आवाज यायचा:
ठप्प.
टाळ अंधारातही तसेच चालू,
आणि अंगणातून कुणीतरी ओरडायचं,
"बाबल्या, खंय असस रे? लायट गेली!"
जशी काही मीच खिशात घालून नेली.

पावसात डीपीपाशी. किटकॅट ओढून काढायचा,
जळक्या तारेचा वास, वर चिनीमातीच्या कपांवर
खाऱ्या वाऱ्याची साय.
नवीन तार घालताना एक पदर जास्त घालायचो
(साहेबाला सांगू नका).
वाडी काळी मिट्ट दिसायची
आणि समुद्र तिच्याहून थोडा कमी काळा.
घरी पोचायचो तेव्हा आरतीतलं
कापराचं काजळ तेवढं उरलेलं.
पातेल्याखाली पाच मोदक, गार.
ही भिंतीला टेकून झोपलेली.

रिटायर झालो त्या साली हेमांगीने
कणकवलीहून नवीन माळा आणल्या,
दिवे भाताच्या दाण्याएवढे.
"बाबा, अख्ख्या माळेला तुमच्या एका बल्बाएवढंही लागत नाही."
मी बोट लावून बघितलं. गार.
चटका नाही तो दिवा कसला, म्हटलं.
"गेल्या वर्षी जिलेटिन पेटलेलं विसरलात?"
यावर मला काही सुचलं नाही.
जुन्या माळेतला एक गेला की सगळे जायचे,
टेस्टर घेऊन एकेकाची नाडी बघत बसायचो रात्रभर.
हिच्यातले दोन विझलेत,
कुणी मनावर घेतलेलं नाही.

गुणाजीने आणल्या, मग तांडेलांनी,
मग द्रौपदीकाकूने, बिलाचा कागद नाचवत:
"देवाक उजेड व्हयो, मीटराक न्हय!"
हॅलोजन आता गोठ्यात आहे.
त्यावर कोंबडी बसते.

त्या चतुर्थीला मी पहिल्यांदा आरतीला पुढे उभा.
"जरा बाजूक सरा, निरांजन लागात,"
ही म्हणाली. घरात माझी इतकी अडचण होते
हे मला ठाऊक नव्हतं.
पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्याला अडकलो.
ओठ नुसते हलवले, टाळी चुकली,
गुणाजीचा नातू माझ्याकडे टक लावून बघत राहिला.
खरं सांगू, माझा एक कान बांधापलीकडे होता.
कापूर पेटला. ठप्प नाही.
कापूर विझला. ठप्प नाही.
गाऱ्हाणं सुरू झालं, मागणी मागून झाली,
सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"
मी अर्धा श्वास उशिरा.

प्रसाद हळदीच्या पानात बांधून, टॉर्च घेऊन
मी निघालो. "आता खंय?" हिने विचारलं.
पाय कुठे वळले ते तुम्हाला सांगायला नको.
फाटकाला नवीन कुलूप, चावी माझ्याकडे नाही.
जाळीला कान लावला.
आतून हळू घुमत होतं,
रवंथ करणाऱ्या म्हशीसारखं.
एकतीस वर्षांत मी तिला कधी
निवांत ऐकलंच नव्हतं.

मोदक नव्या लाइनमनला द्यावेत म्हणून
केतनच्या घराकडे वळलो.
वाटलं, पोरगं शिडी उशाशी घेऊन बसलं असेल.
दारात चपलांचा ढीग.
आतून त्याचाच आवाज, सगळ्यांच्या वर,
सुराशी काडीचा संबंध नाही.
मी पानाची गाठ हातात धरून
अंगणातच थांबलो, शेवटपर्यंत ऐकलं.

त्याला सगळी कडवी पाठ होती.