आकडा

फतेगंजच्या मागच्या गल्लीत
आमच्याकडे वीज यायची
बाबांनी खांबावर टाकलेल्या आकड्यावरून.
पंखा, फ्रिज,
आणि प्रभूच्या तसबिरीवरचा झिरोचा लाल बल्ब,
तोही त्याच तारेवर.

झावळ्यांच्या रविवारी पाळकसाहेब वेगळं काही बोलले नव्हते.
नेहमीचंच, घसा खाकरत.
पण बाबा घरी येऊन जेवले नाहीत.
हातातली झावळी गुंडाळत, उलगडत ओट्यावर बसून राहिले.
रात्री पाहिलं तर त्या बल्बाखाली उभे,
सावकारासमोर उभं राहावं तसे.
आई कूस न बदलता म्हणाली,
‘झोपा. सगळी गल्ली करते.’

मंगळवारी मांडवाच्या बांबूनं त्यांनी आकडा ओढला.
एकच ठिणगी.
घर अंधारगुडुप.
भिंतीपलीकडून हंसाबेन, ‘लाइट गई, शमुवेलभाई?’
‘गेली नाही, बेन. घालवली.’

वीज मंडळात लिहून दिलं: अकरा वर्षं.
न पकडलेल्या चोराचा फॉर्म
कारकुनाला सापडेना.
दंडापायी आईच्या पाटल्या गेल्या.
ती बाबांशी बोलेना,
ताट मात्र वाढत होती, चिमणीच्या उजेडात,
माशाचा मोठा तुकडा त्यांनाच.

पुनरुत्थानाच्या पहाटे चारला
मेणबत्तीला तळहाताचा आडोसा करून
आम्ही देवळाकडे निघालो.
आई दोन पावलं मागं, पण निघाली.
कोपऱ्यावर मी वळून पाहिलं.
गल्लीभर दिवे,
एक घर तेवढं काळं.

इतक्या लांबून
आमचं घर मला
पहिल्यांदाच ओळखू आलं.