अळणी

डिसेंबर लागला की माळ्यावरून
निळी बॅग खाली येते. डांबरगोळ्यांचा वास.
चार जॅकेटं, सात हातमोजे, त्यातले पाच डावे,
शर्वीची गेल्या वर्षीची पँट यंदा निधीशला.
एसी सोळावर लावून
आम्ही सगळं अंगावर चढवतो
आणि सोफ्यापासून बाल्कनीपर्यंत
मोज्यांवर घसरत जातो.
खाली भाडेकरू आहेत, बिचारे बोलत नाहीत काही.

साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरचं हे घर,
मागे करावे गाव, पुढे खाडी,
थंडी म्हणजे पहाटे जरा पंखा बंद.
इथून आम्ही दर वर्षी औलीला जातो,
का, ते नीट सांगता येत नाही.
कल्पेश सहा वर्षं त्याच देवदाराशी पडतो.
म्हणतो, झाडच अंगावर येतं.
नेगी सर वरून ओरडतात,
गुडघे वाकवा, पायांकडे बघू नका!
पोरं एव्हाना खाली पोचून
मॅगी मागवत असतात.

सासरे कधी आले नाहीत.
"कनाला जाताव यवऱ्या लांब?
आमी मिठाचे राशीवरशी घसराचू,
गोनपाट घेवून. फुकाट."
त्यांच्या टाचांना मिठागराच्या भेगा होत्या,
मिठागर बुजून रस्ता झाला तरी भरल्या नाहीत.

पहिल्या वर्षी निधीशने त्यांच्यासाठी
स्टीलच्या डब्यात बर्फ भरून आणला.
विमानतळावर तपासणारा हसला, जाऊ दिलं.
घरी पोचेपर्यंत पाणी.
अण्णांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं,
बराच वेळ विचार केला.
"अलनी हाय."
तेव्हापासून हा आमचा सण.
दर वर्षी एक डबा, दर वर्षी एक बोट,
दर वर्षी तोच निकाल,
आणि पोरं पोट धरून हसायची.

अण्णा भाद्रपदात गेले.

यंदा सुट्ट्या टाकल्या होत्या, तिकिटं काढली होती.
एकोणीस तारखेला नेगी सरांचा फोन आला:
मॅडम, उतारावर गवत दिसतंय,
गाई चरताहेत, काय सांगू.
बॅग दारातच राहिली. दोन दिवस
आम्ही तिला ओलांडून येत-जात होतो.

मग शर्वी म्हणाली, पोपटी लावू.
मागच्या मोकळ्या जागेत, पाण्याच्या टाकीपाशी,
कल्पेशने विटा मांडल्या.
मी खाडीकडून भांबुर्डा आणला,
वालाच्या शेंगा वाशीच्या बाजारातून,
बटाटे, अंडी, ओवा.
मडकं उलटं केलं, भोवती पेंढा रचला.
निधीश स्कीचं जॅकेट घालून बसला,
घाम गळत होता, काढलं नाही.

आग बसली. आता मडक्यावर पाणी मारून बघायचं,
आवाज ऐकून ओळखायचं शिजलं का.
हे काम अण्णांचं.
आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.
निधीश उठला, घरात गेला,
फ्रीजरमधला डबा घेऊन आला, गेल्या वर्षीचा.
अण्णांच्या बोटाची चव घेऊन
वर्षभर मटारांमागे गोठून पडलेला.
शेकोटीशी धरला तसा कडेने सुटला.
चार बोटांनी त्याने ते पाणी शिंपडलं.

चर्रर्र.

एवढासा आवाज, हिमालयाचा.
लगेच वाफ, लगेच काही नाही.

मडकं फोडलं. शेंगा हिरव्याच राहिल्या होत्या, मऊ,
भांबुर्ड्याचा तो कडवट वास त्यांच्यात भिनलेला.
सगळ्यांनी एकदमच तोंडात टाकल्या
आणि सगळेच थांबले.
जाडं मीठ कुणी घातलं होतं?
तेही काम अण्णांचं.

शर्वीने शेंग हातात फिरवली,
भुवया त्यांच्यासारख्या वर केल्या,
"अलनी हाय."

आधी कुणीच हसलं नाही.
मग कल्पेश हसला, की खोकला, धूर होता.
उठला, मिठाचा डबा आणायला घराकडे निघाला.
सपाट अंगण, चपला रबरी,
तरी गुडघे जरा वाकवून चालत होता
आणि पायांकडे बघत नव्हता.