हातचा

सोहारच्या बंदराकडे जाणारा रस्ता
शुक्रवारी पहाटे साडेपाच ते सात, एवढाच आपला.
पोलिसांच्या दोन गाड्या, रुग्णवाहिका एकशेवीस रियाल,
वेळ मोजायच्या चिपा भाड्याच्या, किमान साठ,
केळी, पाणी, खजूर.
धारप म्हणाले, "बायकांचा गट यंदा राहू द्या.
सातच नावं. आतबट्ट्याचा व्यवहार.
पन्नाशीवरच्या पुरुषांमागे सोडू त्यांना,
बक्षीस अर्धं."

प्रवेश फी बारा रियाल.
ती अर्धी नाही.

मी खजिनदार. वही माझ्याकडे.
सातातलं पाचवं नाव माझं,
हे ते विसरले होते की नव्हते, कळलं नाही.

रात्री भांडी आवरून ओट्यावरच आकडे मांडले.
रुग्णवाहिका पडलेल्याला उचलते,
कोण पडलं हे पाहून बिल वाढवत नाही.
चिपा लागतात एकावन्न पुरुषांना,
उरलेल्या नऊ दरवर्षी डब्यात झोपून परत जातात
पूर्ण भाडं भरून.
शाळेत जोगळेकर बाई ओरडायच्या,
हातचा धरला नाहीस, म्हणून उत्तर चुकलं.

राहता राहिली वेळ. वीस मिनिटं.
गेल्या वर्षी प्रायोजकाचं भाषण आणि सगळ्यांचा फोटो:
माझ्या घड्याळात बावीस.

सात म्हणजे थोड्याच, मलाही कळतं.
पण गटच नसेल
तर आठवीनं नाव द्यायचं कुठे?
बुथैना भावाची सायकल घेऊन येते, सीट खाली करून,
आणि घरी नेताना पुन्हा वर.
मारिवेल रात्रपाळीहून थेट,
नर्सच्या बुटांची पिशवी खांबाला अडकवते.

बैठकीत वही फिरली.
धारपांनी बेरीज दोनदा केली. "बरोबर आहे," म्हणाले,
जरा दुखावल्यासारखे.
ऐंशी आणि चाळीस होते, साठ-साठ झाले.
"आमचे वीस का कापले?" कुणीतरी मागून विचारलं.
मी पेन्सिल ठेवून पेन घेतलं.

शर्यतीत बुथैना पहिली. मारिवेल तिसरी,
पायरीवर बसल्या बसल्या झोपली.
आणि मी सातवी,
सहा बावन्नला, दमट हवा छातीवर घेऊन,
मासळीच्या गाड्यांना अजून आठ मिनिटं अडवून धरलेल्या
त्या मोकळ्या रस्त्यावर,
माझ्यामागे रुग्णवाहिका
सावकाश, दिवे लावून,
पूर्ण पैसे घेतलेली.