नेटकी

पागनिसांच्या गॅरेजला दार नाही, ताडपत्री आहे.
ती उचलली की आधी वास येतो,
पेट्रोलमध्ये घोळलेल्या तेलाचा,
मामांनी राजदूतवर मागे बसवून
मकरपुऱ्याला नेलं होतं त्या सकाळचा.

गाडी कोणाची, मी विचारलं. ते म्हणाले, "साब."
म्हटलं, ते कळलं हो, पण कुठल्या साहेबांची?
श्रीरंग पागनीस इतके हसले
की हातातला पाना निसटून गाडीखाली गेला
आणि आम्ही दोघं पालथे पडून तो शोधत राहिलो.
म्हणून मी तिला पहिल्यांदा पाहिली ती पोटाकडून.

स्वीडनच्या कारखान्याने असल्या दोनशे अठ्ठावन्न केल्या,
मग इंजिनच बदललं.
त्यांतली ही एक कुणा इंजिनिअरबरोबर बोटीने आली.
साहेब कावीळ घेऊन परत गेला. ही राहिली.
फतेगंजच्या बंगल्यात तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या.
तीन सिलिंडर, फायबरचं अंग,
पुढचा भाग अख्खा उघडतो,
विश्वामित्रीच्या काठी ऊन खाणाऱ्या मगरीच्या जबड्यासारखा.
चालवणारा डावीकडे.
गिअर मात्र स्टिअरिंगलाच, आपल्या फियाटसारखा.

इस्माईल खरादी क्रँकशाफ्टला हात लावण्याआधी
बोटं सदऱ्याला पुसतात.
"रंगभाई, आ तो राजदूत ज छे. त्रण वार."

गॅस्केटसाठी पत्रं गेली.
ट्रोलहेटानच्या एका बाईंनी
गेलेल्या नवऱ्याच्या फडताळातून दोन पाठवली,
वर्तमानपत्रात गुंडाळून. तो कागदही पागनिसांनी जपलाय.
अहमदाबादेत कस्टमने लावलेला दंड
त्यांनी पेन्शनमधून भरला
आणि घरी सांगितलं, दाढ काढली.
वहिनींनी आठवडाभर मऊ भात वाढला.
त्यांनी तो मुकाट्याने खाल्ला.

नाव सोनेट.
मी अकरावीला सुनीत शिकवायचो.
आठ ओळी, मग वळण, मग सहा.
शेवटच्या वर्षी वर्गात तीन मुलं होती,
पुढे मराठी माध्यमच बंद झालं,
बाकं गुजराती वर्गात गेली.
तर मला वाटलं, वा, गाडीला कवितेचं नाव!
"नाही हो मास्तर," पागनीस म्हणाले,
"पहिली बनली तेव्हा म्हणे कुणी म्हणालं, सो नेट...
त्यांच्या भाषेत, किती नेटकी आहे ही."

नेटकी.
बडोद्यात हा शब्द
मी कोणाच्या तोंडून शेवटचा कधी ऐकला, आठवेना.
घरी येईपर्यंत तो जिभेवर ठेवला.

गेल्या फेब्रुवारीत, पहाटे साडेपाचला, ती सुरू झाली.
दांडिया बाजारातली कुत्री उठली,
निळा धूर कोणाच्या तरी तुळशीवर गेला.
मी उजवीकडे बसलो,
हातात काही नाही, समोर सगळा रस्ता.
दूधवाला स्कूटर थांबवून ओरडला,
"काका, स्टिअरिंग क्यां गयुं?"

काळ्या घोड्याच्या अलीकडे, पुलावर,
पागनिसांनी पाय काढला.
आवाज गेला. मी म्हटलं, संपलं.
"बंद नाही पडली. फ्रीव्हील आहे.
सोडली की आपली आपण जाते."

खाली काळं पाणी.
दोन म्हातारे, काहीही न करता,
पूल ओलांडत होतो.
सवयीने मी दिवे मोजले. आठ.
मग कमाटी बागेशी वळण.
पुढचे सहा, त्यांतला एक लागलेला नव्हता.
तोही धरला.